खंडेनवमीचं शटडाऊन

मोडलेली वस्तू दुरुस्त करणं भालचंद्रराव वझलवारांना कधीच आवडलं नाही. ती मोडायच्या आधीच बदलायची, हा त्यांचा खाक्या. यात वाईट काय, असं कुणीही म्हणेल. आणि भोपाळच्या कारखान्यात मेंटेनन्स विभागात उभी हयात गेलेल्या माणसाने तर तसंच वागायला हवं. तिथला नियमच होता. वर्षातून एकदा शटडाऊन घ्यायचं, मशीन उघडायचं, आणि बेअरिंग अगदी सुरळीत चालत असलं तरी त्याचं आयुष्य भरलं असेल तर काढून टाकायचं. चालत्या बेअरिंगवर दया दाखवणारा माणूस एक दिवस कारखान्याचा अख्खा विभाग बंद पाडतो, असा दम ते नव्या पोरांना भरत. निवृत्तीनंतर हा नियम त्यांनी घरी आणला. आनंद नगरच्या त्यांच्या घरात गीझरची कॉइल, नळाचा वॉशर, गॅसची नळी, कशालाच म्हातारं व्हायची मुभा नव्हती. त्यांच्या पत्नी नलिनीबाई म्हणत, "माझा नंबर कधी आहे तेवढं आधी सांगून ठेवा हो, बॅग भरून ठेवते."

त्या असं म्हणत तेव्हा त्यांची जीभ चालत होती.

नलिनीबाई कारखान्याच्या वसाहतीतल्या शाळेत मराठी आणि हिंदी शिकवत. मराठी मंडळाची कोजागरी असो की गणपती, माईक त्यांच्याच हातात असायचा आणि मागच्या रांगेतल्या कुजबुजणाऱ्या बायका त्यांच्या एका "हं"ने गप्प व्हायच्या. अशा बाईच्या पायातून आधी चप्पल निसटायला लागली, मग हातातून वाटी, आणि मग जिभेवर जोडाक्षरं अडखळायला लागली. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि त्यावर औषध नाही हेही त्याच दमात सांगून टाकलं. दिसेल, ऐकू येईल, समजेल सगळं. फक्त हातपाय, जीभ, गळा एकेक करून राजीनामा देतील. किती वर्षांत, ते कुणी सांगू शकत नाही.

त्या वेळी धावून आला तो दिगंबर. कारखान्यात भालचंद्ररावांच्या बरोबरीने नोकरीला लागलेला, कंट्रोल पॅनेलमधला किडा. त्याची कॉम्प्युटरची विद्या फार जुनी होती आणि नवी शिकायची त्याला गरजही वाटत नसे. घरात पडून असलेला एक जुना डेस्कटॉप त्याने उचलून आणला, त्यावर त्याच्या ओळखीची जुनी विंडोज होतीच, आणि त्यावर त्याने नलिनीबाईंसाठी एक प्रोग्राम लिहिला. नाव ठेवलं 'बोलका'.

बोलका असा चालायचा. पडद्यावर अक्षरांच्या, शब्दांच्या आणि तयार वाक्यांच्या ओळी. एक पिवळी पट्टी वरून खाली एकेका ओळीवर सरकत जायची. हवी ती ओळ आली की नलिनीबाईंनी बोटाखालचं बटण दाबायचं, मग पट्टी त्या ओळीतल्या एकेका खान्यावर सरकायची, पुन्हा दाबायचं. तेवढं झालं की कॉम्प्युटर ते बोलून दाखवायचा. बटणाची वायर कॉम्प्युटरच्या पाठीमागे, पूर्वी प्रिंटर लावायचे त्या रुंद खाचेत बसवलेली होती. नव्या कॉम्प्युटरना ती खाच नसते. पण तेव्हा नव्या कॉम्प्युटरचा विचार करतंय कोण!

आणि तो बोलायचा तो नलिनीबाईंच्याच आवाजात. ही दिगंबरची खरी कमाल. त्यांची जीभ पुरती थकण्याआधी मागच्या खोलीत खिडकीला गोधड्या टांगून, रायसेन रोडवरच्या ट्रकांची घरघर बाहेर ठेवून, रोज सकाळी रेकॉर्डिंग चालायचं. सकाळीच, कारण दुपारपर्यंत जीभ जड व्हायची. मराठी झालं, मग कामवाल्या रामकलीशी बोलायला हिंदी झालं. नलिनीबाई शिक्षिकाच त्या. दिगंबरला पुनःपुन्हा थांबवायच्या. "दिगंबरभाऊजी, तो 'ळ' पुन्हा घ्या. मी मेले तरी चालेल, पण माझा 'ळ' बोबडा ऐकू येता कामा नये." 'नको' हा शब्द त्यांनी तीनदा म्हणून ठेवला: एक मऊ, एक साधा, एक रागाचा. तिसऱ्याचा वापर सगळ्यात जास्त झाला आणि तो कुणावर झाला ते सांगायची गरज नाही.

पुढच्या वर्षांत नलिनीबाईंचं सगळं अंग निजलं. उरलं ते उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं टोक. पण घर मुकं झालं नाही. भालचंद्रराव स्वयंपाकघरात असले की आतून आवाज यायचा, "दूध उतू जातंय, वास येतोय." रामकलीच्या सुनेची भानगड काय झाली याची चौकशी व्हायची. हैदराबादहून मुलाचा, अमेयचा फोन आला की नलिनीबाई सावकाश, अक्षर अक्षर गोळा करून सांगायच्या, "बाबांचं फार ऐकू नकोस." बोट जितकं मंद होत गेलं तितका दिगंबर येऊन पट्टीचा वेग कमी करत गेला. मग एके दिवशी दिगंबरच गेला, झोपेत, कुणाला काही त्रास न देता. बोलका मात्र चालत राहिला.

कॉम्प्युटरचं वय आता दिसायला लागलं होतं. पंखा जात्यासारखा घरघरायचा. बंद करून सुरू केला की तारीख कुठल्या कुठे जायची. हा एक दिवस धूर सोडणार आणि त्या दिवशी नलिनी गप्प होणार, हे भालचंद्ररावांना रोज डोळ्यांसमोर दिसायचं. अमेयचंही फोनवर तेच पालुपद. "बाबा, ते मशीन म्युझियममध्ये ठेवण्यासारखं आहे. आईचं बोलणं त्याच्यावर आहे आणि तुम्ही ते जाईपर्यंत थांबणार? तुम्ही?" या 'तुम्ही'ने काम केलं. चालत्या बेअरिंगवर आपण दया दाखवतोय, असं भालचंद्ररावांना वाटलं आणि आपलीच लाज वाटली.

बापलेकांनी ठरवलं, नलिनीला चकित करायचं. अमेयने एम. पी. नगरच्या एका दुकानात फोनवरूनच नवा कॉम्प्युटर ठरवला, जुना दुकानवाल्यांनीच एक्सचेंजमध्ये न्यायचा. भालचंद्ररावांनी आदल्या दुपारी नलिनीबाईंचा डोळा लागलेला असताना 'बोलका' नावाचं अख्खं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं. एकावर विश्वास नको म्हणून दुसऱ्यावरही घेतलं. आणि दिवस निवडला खंडेनवमीचा.

तो का निवडला, हे समजण्यासारखं आहे. वझलवारांकडे खंडेनवमीला अवजारांची पूजा होई. पाना, स्क्रू ड्रायव्हर, विळी, शिवणयंत्र, सगळं पुसून मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूची फुलं वाहायची आणि दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. यंत्राची तेवढी विश्रांती. बोलका आल्यावर पहिल्याच वर्षी नलिनीबाईंनी स्वतः पट्टीवरून सांगितलं होतं, "त्याचीही पूजा करा. तो राबतो." तेव्हापासून खंडेनवमीला कॉम्प्युटर बंद राहायचा आणि नलिनीबाईंचं मौन असायचं. त्या दिवशी कारभार पापण्यांवर: डोळे सावकाश मिटले तर हो, पापण्या भराभर फडफडल्या तर नाही. मशीन एरवीही बंदच असणार, तर अदलाबदल त्याच दिवशी करावी. यापेक्षा सोयीचं शटडाऊन कुठलं?

दुकानाची माणसं सकाळीच आली. नवा कॉम्प्युटर काळा, चपटा, आवाज म्हणून नाही. जुन्याच्या वायरी निघाल्या, त्याखालची धूळ रामकलीने पुसली, नव्याच्या कपाळी कुंकू लागलं, हार पडला. जुना डबा दाराशी नेऊन ठेवला. उदबत्त्या पेटल्या होत्या, धूप घमघमत होता, आणि भालचंद्रराव लहान मुलासारखे खुशीत पलंगापाशी जाऊन म्हणाले, "बघ नलू, काय आणलंय तुझ्यासाठी!"

रामकली उशीशी उभी होती. ती म्हणाली, "बाबूजी, अम्मा पलकें फड़फड़ा रई हैं. कुछ बोल रई हैं."

"अरे वो धूप का धुआँ लगा आँख में. खिडकी खोल दो," भालचंद्रराव म्हणाले. रामकलीने खिडकी उघडली. दुकानाच्या माणसांनी जुना कॉम्प्युटर टेम्पोत टाकला आणि ते निघून गेले.

कारखान्यात आणखीही एक नियम होता: नवं बसवून, चालवून पाहिल्याशिवाय जुनं गेटबाहेर सोडायचं नाही. भालचंद्ररावांनी तो स्वतः शेकडो वेळा पाळला होता. पण त्या दिवशी चालवून पाहणार कसं? हळदकुंकू लागलं होतं. पूजेच्या यंत्राचं बटण दाबायचं नसतं.

दसऱ्याच्या सकाळी आंघोळ करून त्यांनी बटण दाबलं. नवा कॉम्प्युटर डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू झाला. पेन ड्राइव्ह लावला, फोल्डर उतरवलं, बोलकावर माउस नेऊन टिचक्या मारल्या. पडद्यावर एक चौकट आली: हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही. त्यांनी चौकट बंद केली, पुन्हा टिचक्या मारल्या. चौकट पुन्हा आली. दुसरा पेन ड्राइव्ह लावला. मग बटणाची वायर लावून पाहू, असं म्हणून ते टेबलामागे गेले, वाकले, आणि हातात ती रुंद पिन घेऊन तसेच राहिले. नव्या डब्याच्या पाठीवर ती बसेल अशी जागाच नव्हती. पायाखालची वाळू सरकणं म्हणजे काय, ते त्यांना तिथे टेबलामागे, गुडघ्यांवर बसलेलं असताना कळलं. वर येऊन पाहतात तर नलिनीबाई त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांना आदल्या दिवसापासूनच सगळं माहीत होतं. सहा वर्षं त्यांनी त्या पिनकडे पलंगावरून पाहिलं होतं, आणि आदल्या दिवशी नवा डबा मांडताना त्याची कोरी पाठही.

भालचंद्ररावांनी फोन फिरवला. दसरा म्हणून दुकान बंद. दुसऱ्या दिवशी शटर वर जायच्या आधी ते पायरीवर जाऊन बसले होते. दुकानदाराला त्यांची दया आली असावी. त्याने स्वतः आत जाऊन चौकशी केली आणि बाहेर येऊन मान हलवली.

"अंकल, वो तो उसी दिन खुल गया. बोर्ड स्क्रैप के लॉट में चला गया."

"और हार्ड डिस्क? उसमें मेरी पत्नी की..." पुढचा शब्द भालचंद्ररावांना सुचेना. पत्नीचं काय म्हणायचं? फाइल?

"वो फॉर्मेट करके किसी के सीसीटीवी कैमरे वाले डिब्बे में लगा दी अंकल. इतनी पुरानी डिस्क उसी काम आती है." मग तो म्हणाला, "आपने बैकअप तो लिया होगा ना?"

घेतलं होतं. तेच तर सांगत होते ते सगळ्यांना. दोन पेन ड्राइव्हवर घेतलं होतं.

संध्याकाळी अमेय फोनवर रडला. पोरगं चाळिशीला आलेलं, हाताखाली माणसं असलेलं. पण "मीच तुमच्या मागे लागलो बाबा" असं म्हणत हमसून हमसून रडलं. मग दोघे त्या चौकटीच्या मागे लागले. जुने प्रोग्राम नव्यावर चालवायची कम्पॅटिबिलिटी मोड म्हणून एक सोय असते, ती लावून पाहिली. यादीतली एकेक जुनी विंडोज निवडून झाली. चौकटीचे शब्द बदलले, अर्थ बदलला नाही. अमेयने फोनवरचं एक अ‍ॅप सुचवलं. ते परक्या बाईच्या आवाजात मराठी बोलायचं, आणि 'ळ'ला 'ल' म्हणायचं. पण तेही चाललं असतं. चाललं नाही, कारण त्याचा अगदी मंदातला मंद वेगसुद्धा नलिनीबाईंच्या बोटाला झेपत नव्हता. बोट उचललं जाईपर्यंत अ‍ॅप दोन घरं पुढे गेलेलं असे. दिगंबरने वर्षानुवर्षं त्या एका बोटाच्या मापाने शिवत आणलेली गोष्ट होती ती.

मग उरला पुठ्ठा. पुठ्ठ्यावर मोठी अक्षरं लिहून भालचंद्ररावांनी ती एकेक वाचायची आणि हवं ते आलं की नलिनीबाईंनी डोळे मिटायचे. जगभरची माणसं यावर निभावतात, असं डॉक्टर म्हणाले. निभावत असतील. भालचंद्ररावांना ते जमलं नाही, आणि का जमलं नाही याचा विचार केला की त्यांचं त्यांनाच तोंड लपवावंसं वाटे.

"प," ते म्हणत. डोळे मिटत. "पला काना?" डोळे मिटत. "पाणी! पाणी हवंय?" पापण्यांची फडफड. "पाय? पाय अवघडलाय का? पाठ? पांघरूण? मग काय पाहिजे तरी काय तुला?" इथे त्यांचा आवाज चढायचा, आणि नलिनीबाई डोळे मिटून घ्यायच्या, आणि उघडायच्याच नाहीत. ते 'हो'ही नसायचं आणि 'नाही'ही. दरवाजा लावून घेतल्यासारखं ते असायचं.

लग्न झाल्यापासून या माणसाने बायकोचं एकही वाक्य शेवटपर्यंत ऐकलेलं नव्हतं. तिने 'अहो, ते आपल्या...' म्हटलं की हे उत्तर देऊन मोकळे. बोलकाने ती खोड मोडली होती, कारण यंत्राचं वाक्य अर्ध्यात तोडता येत नाही. ते पूर्ण होईपर्यंत मुकाट्याने उभं राहावं लागतं. आजारी पडल्यावरच ती त्यांच्याशी नीट बोलायला लागली होती, किंवा खरं सांगायचं तर हे नीट ऐकायला लागले होते. आता पुन्हा सगळं त्यांच्याच तोंडी आलं. विचारणारेही तेच आणि उत्तर देणारेही तेच. घरात दिवसभर एकाच माणसाचा आवाज, आणि त्या आवाजाचा त्यांना वीट आला.

दिगंबरचा मुलगा मयूर भोपाळातच एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करी. भालचंद्ररावांनी त्याच्या हातापाया पडायचंच बाकी ठेवलं. आला बिचारा. पेन ड्राइव्ह लावून बराच वेळ बसला आणि मग डोळे चोळत म्हणाला, "काका, फोल्डर कॉपी केलं म्हणजे प्रोग्राम नाही येत. आधे फाइल्स तर विंडोजच्या पोटात होत्या. त्या त्या मशीनबरोबरच गेल्या."

"पण आवाज? आवाज आहे ना रे?"

"आवाज आहे. पण बाबांनी तो एका फाइलमध्ये असा बंद करून ठेवलाय, की उघडणार तर बोलकाच उघडणार."

"मग दिगंबरने मूळ लिहिलेलं कुठे असेल ना, त्याच्या मशीनवर..."

मयूरने मान खाली घातली. "बाबांचं मशीन आम्ही देऊन टाकलं काका. मागच्या साली घर पेंट केलं तेव्हा." त्याने दोन्ही पेन ड्राइव्ह उचलून खिशात टाकले. मग तो म्हणाला, "मी करतो काहीतरी. वेळ लागेल."

वेळ लागला. दिवाळी आली. रामकलीने दारात रांगोळी काढली. भालचंद्ररावांनी आकाशकंदील लावला, कारण न लावला तर नलिनी काय म्हणेल हे त्यांना ठाऊक होतं, आणि मग तो खाली उतरवला, कारण ती काहीच म्हणाली नाही. मंडळातली माणसं फराळाला येऊन गेली. ती नलिनीबाईंच्या पलंगाशी उभी राहून मोठ्या आवाजात, जणू त्यांना ऐकू येत नाही अशा थाटात विचारायची, "काय नलिनीताई, बरं आहे ना?" आणि उत्तरासाठी भालचंद्ररावांकडे बघायची. पूर्वी अशा माणसांना बोलका झणझणीत उत्तर द्यायचा.

मयूर रविवारी यायचा. हरवलेल्या फाइली त्याने जुन्या लोकांच्या कुठल्या कुठल्या संग्रहातून शोधून आणल्या. ती प्रिंटरची खाच नव्हतीच, तर एक छोटं सर्किट जोडून बटण साध्या यूएसबीला लावलं आणि प्रोग्रामला फसवलं की खाच आहे. एकदा प्रोग्राम उघडला तर सगळी अक्षरं खिळेचुका सांडल्यासारखी वेडीवाकडी. तो जुना फाँट मिळवण्यात पुढचा आठवडा गेला. भालचंद्रराव त्याच्या पाठीशी खुर्ची टाकून बसायचे. त्यांचा जीव टांगणीला लागलेला होता, पण आता त्यात आशाही होती. ते नलिनीबाईंना सांगत, "होतंय हं. आता थोडंच राहिलं." त्या सावकाश डोळे मिटत.

मयूर काम करायचा तेवढा वेळ सोडला तर या दिवसांत बटण कपाटात होतं. वायर तुटू नये म्हणून भालचंद्ररावांनीच ते रुमालात गुंडाळून ठेवलेलं. बोटाखाली काही नसल्यामुळे बोट हलतं की नाही, हे कुणी पाहिलंच नाही.

देवदिवाळीच्या सुमारास मयूर सकाळीच धावत आला. घरी त्याच्या मशीनवर रात्रीच चाललं होतं. अमेयला त्याने लगेच मेसेजही करून टाकला होता. दोघांनी मिळून नव्या कॉम्प्युटरवर सगळं बसवलं. पडदा उजळला. ओळी आल्या, सुबक मराठीत, आणि पिवळी पट्टी वरून खाली निघाली. मयूरने खात्री करायला बटण दोनदा दाबलं आणि खोलीत नलिनीबाईंचा आवाज उमटला. "रामकली, इधर आओ." स्वयंपाकघरातून रामकली हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली आणि दारातच रडायला लागली. भालचंद्ररावांनी मयूरचा खांदा घट्ट धरला.

त्यांनी नलिनीबाईंचं बोट उचलून बटणावर ठेवलं. पट्टी सरकत होती. एक ओळ गेली, दुसरी गेली, तळाशी जाऊन पट्टी पुन्हा वर आली.

"नलू, दाब."

पट्टी पुन्हा खाली गेली. मयूरने वेग कमी केला. आणखी कमी केला. "काकू, घाई नाही. आरामसे." नलिनीबाईंच्या कपाळावर घामाचे बारीक थेंब आले होते, त्या बोटाकडे नव्हे, पडद्याकडे बघत होत्या, एकटक, सगळा जीव डोळ्यांत आणून. बोट होतं तिथेच होतं. रामकलीने ते चोळलं. भालचंद्ररावांनी गरम पाण्याने शेकलं. मग बटण अंगठ्याखाली ठेवलं, मग गालाशी, मग भुवईच्या वर. डोळ्यांशिवाय काही हलेना, आणि पापण्यांवर बसेल असं दिगंबरचं ते बटण नव्हतं.

डॉक्टर येऊन पाहून गेले. हे होणारच होतं, म्हणाले. भालचंद्ररावांनी विचारलं, रोज बटण दाबत राहिली असती तर? डॉक्टर म्हणाले, ते कसं सांगणार. कदाचित आणखी काही महिने. कदाचित नाही. मयूर दुपारपर्यंत बसून राहिला. डोळ्यांनी चालेल असं काहीतरी बघतो, म्हणाला. पण त्याच्या आवाजात दम नव्हता, आणि भालचंद्ररावांनी हो म्हटलं तरी त्यांनी ते ऐकलंही नव्हतं. आपण या बाईचा शेवटचा काळ घेतला. जेवढा तिला बोलायला उरला होता तेवढा आपण, आपल्या हाताने, हळदकुंकू लावून टेम्पोत चढवला. एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं.

मयूर गेल्यावर अमेयचा व्हिडिओ कॉल आला. भालचंद्ररावांनी तो दोनदा वाजू दिला. तिसऱ्यांदा उचलला.

"बाबा! मयूरचा मेसेज सकाळीच बघितला, पण मीटिंगमधून आत्ता सुटलो. चाललं ना? आईला द्या, आईला द्या!" त्याचा चेहरा फुलून आला होता. दसऱ्यापासून प्रत्येक फोनवर हा पोरगा माफी मागत होता. जेवत नाही, असं सून सांगत होती.

सांगायला हवं होतं. "अमेय, आईचं बोट गेलं," एवढं चार शब्दांचं वाक्य. ते भालचंद्ररावांच्या ओठांवर आलं आणि तिथेच थिजलं. त्यांनी फोन पलंगापाशी नेला आणि का कुणास ठाऊक, त्याचा कॅमेरा नलिनीबाईंकडे न वळवता पडद्याकडे वळवला. बटण उशीशी पडलेलं होतं. पिवळी पट्टी आपली सरकत होती.

"आई, ऐकू येतंय ना? कसा आहे नवा कॉम्प्युटर? बोल ना काहीतरी."

तयार वाक्यांची ओळ आली. भालचंद्ररावांनी बटण दाबलं. पट्टी खान्यांवरून सरकली. त्यांनी पुन्हा दाबलं.

"छान आहे," नलिनीबाईंचा आवाज म्हणाला. स्वच्छ, ठणठणीत, सहा वर्षांपूर्वीचा.

"आई!" अमेय हसायलाही लागला आणि रडायलाही. "आई, अगं किती दिवसांनी! मला वाटलं होतं मी तुला... आई, रागावली नाहीस ना माझ्यावर?"

भालचंद्ररावांनी नलिनीबाईंकडे पाहिलं. त्या त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या पापण्या भराभर, भराभर फडफडत होत्या. त्यात राग होता की विनवणी, की लेकाला काही वेगळंच सांगायचं होतं, हे कळायला आता मार्ग नव्हता. फोनमध्ये ते दिसत नव्हतं.

"आई?" अमेय वाट बघत होता.

भालचंद्ररावांनी मान वळवली. हवी ती ओळ येईपर्यंत ते थांबले, आणि मग त्यांनी पुन्हा बटण दाबलं.